ऐजन

आषाढाच्या अखेरीस संपादकांचे पत्र आले. यंदाच्या दिवाळी अंकाचे सूत्र ‘ठेव’ असे ठरले असून, सोन्यानाण्याच्या किंवा जमीनजुमल्याच्या ठेवीविषयी न लिहिता, जी जपावी असे गावाला मनापासून वाटते परंतु जी जपावी कशी याचा विचार सहसा कोणी करीत नाही, अशा एखाद्या ठेवीविषयी प्रत्यक्ष जाऊन, पाहून लिहावे, अशी त्यांची इच्छा होती. पत्र वाचून संपण्यापूर्वीच माझ्या डोळ्यांसमोर सेलूच्या बाजारपेठेतील एका स्टुडिओमधले लोखंडी कपाट उभे राहिले. त्याच्या वरच्या खणात व्हीएचएसच्या जाड कॅसेटी, मधल्या खणात काडेपेटीहून किंचित मोठ्या मिनी डीव्ही कॅसेटी आणि खालच्या खणात हार्ड डिस्का, अशा क्रमाने या तालुक्यातील तीन दशकांची कीर्तने, लग्ने, शाळांची स्नेहसंमेलने आणि शोकसभा तेथे एकावर एक रचून ठेवलेल्या आहेत.

मनमाडहून नांदेडकडे जाणाऱ्या गाडीने परतूर मागे टाकले की काळ्या रानातून सेलूचे दिवे दिसू लागतात. 1948च्या सप्टेंबरापर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. ही रेल्वेही त्याच अमदानीत विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर आली. गावाचा लौकिक अध्यात्माचा. शिर्डीच्या साईबाबांचे गुरू म्हणून दासगणू महाराजांनी ज्या गोपाळराव देशमुखांचे चरित्र गायले त्यांचे हे गाव. दासगणू स्वतः कीर्तनकार होते. 1962 साली ते निवर्तले. त्यांचे ग्रंथ छापले गेले म्हणून आज आपल्या हाती आहेत. परंतु कीर्तनात उभे राहिल्यावर त्यांचा हात कसा उठे, आख्यान रंगात आल्यावर ते कोणत्या शब्दावर थांबत आणि किती वेळ थांबत, हे ज्यांनी पाहिले त्यांच्या सांगण्यावरच विसंबावे लागते, आणि असे सांगणारे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. कीर्तन ही कागदावर न मावणारी वस्तू आहे. म्हणून तिचे चित्रण हवे, आणि ते टिकाऊ हवे.

टिकाऊ चित्रण म्हणजे नेमके कसे, हा प्रश्न घेऊन मी स्टुडिओच्या मालकांकडे गेलो. सगळा तालुका त्यांना दादा म्हणतो. मीही तेच म्हणतो.

वीणा खाली ठेवायची नाही

दादांनी उत्तर न देता मला मोटारीत बसवले आणि ते सेलूपासून थोड्या अंतरावरच्या एका गावी घेऊन गेले. तेथे श्रावणातला अखंड हरिनाम सप्ताह बसला होता. मारुतीच्या पारापुढे पत्र्याचा मंडप, त्यात सतरंज्या, एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष, मधून सोडलेली वाट, आणि त्या वाटेच्या टोकाला दोन बाकडी एकावर एक चढवून केलेला कॅमेऱ्याचा मचाण. पाराजवळ एक म्हातारे विणेकरी उभे होते. सप्ताह सुरू झाल्यावर वीणा खाली ठेवायची नाही, असा दंडक आहे. ती पहाऱ्यापहाऱ्याने एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि सात दिवसांचे 168 तास पुरे झाल्यावरच देवापुढे टेकते. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचे पारायण, दुपारी गाथा-भजन, उतरत्या उन्हात प्रवचन, तिन्हीसांजेला हरिपाठ आणि रात्री नऊला कीर्तन, अशा दिनक्रमातील प्रवचन, हरिपाठ, कीर्तन आणि थोडा काकडा एवढे चित्रित करण्याचे काम दादांकडे होते. रोजचे सुमारे पाच तास, सात दिवसांचे पस्तीस.

पस्तीस तास ही संख्या वाचताना काही वाटत नाही. परंतु चित्रणाच्या व्यवहारात सारे प्रश्न या संख्येतूनच उत्पन्न होतात. तीन मिनिटांची जाहिरात चित्रित करणाऱ्याला चित्राच्या शुद्धतेपलीकडे चिंता नसते. तीन तास न थांबता चालणाऱ्या आणि पुन्हा कधीही न घडणाऱ्या प्रसंगाचे चित्रण करणाऱ्याला मात्र जागा, वीज, उष्णता, ध्वनी आणि अपघात या पाचांचा बंदोबस्त एकाच वेळी करावा लागतो. महाराजांना ‘तेवढा दृष्टान्त पुन्हा सांगा’ असे म्हणता येत नाही.

आज घरोघरी परिचित असलेल्या एचडी चित्राच्या एका चौकटीत 1920 गुणिले 1080, म्हणजे 20 लाख 73 हजार 600 ठिपके असतात, आणि आपल्याकडील रिवाजाप्रमाणे अशा 25 चौकटी दर सेकंदाला कॅमेऱ्यातून येतात. माणसाचा डोळा उजेड-अंधाराचा भेद बारकाईने ओळखतो, रंगाचा तितक्या बारकाईने ओळखत नाही. म्हणून उजेड प्रत्येक ठिपक्याचा आणि रंग चार ठिपक्यांत मिळून एक, अशी काटकसर आरंभीच केली जाते. एवढे करूनही, काहीही न दाबता ते चित्र जसेच्या तसे लिहून ठेवायचे झाल्यास तासाला सुमारे 280 जीबी जागा लागेल, आणि पस्तीस तासांच्या सप्ताहाला जवळजवळ दहा टेराबाइट. गावचा सप्ताह वर्गणीवर चालतो. त्या वर्गणीतून पंगत उठवायची, महाराजांची बिदागी द्यायची, मंडपवाल्याचे पैसे चुकवायचे. तिच्यात दहा टेराबाइटच्या डिस्का बसत नाहीत. म्हणून चित्र दाबावे लागते, आणि ते दाबण्याची व पुन्हा उलगडण्याची जी रीत, तिचे नाव कोडेक.

पटवाऱ्याचे पान

ही रीत मला उमगली ती दादांच्या शेजारी बसलेल्या एका निवृत्त गुरुजींच्या बोलण्यातून. गुरुजींच्या वडिलांनी निजामाच्या अमदानीत पटवाऱ्याचे काम केलेले. त्या दप्तरात एकाखाली एक नोंदी करताना वरचाच मजकूर पुन्हा लिहावयाचा असला तर पटवारी तो लिहीत नसे. त्या जागी तो केवळ ‘ऐजन’ असे लिही. हा शब्द अरबीतून फारसीत आणि फारसीतून आपल्या दप्तरात आला. उर्दू दप्तरातही तो होता, मोडी दप्तरातही होता. गावाचे नाव ऐजन, साल ऐजन, पीक ऐजन. बदलला तो फक्त आकडा, म्हणून आकडाच लिहिला. गुरुजी म्हणाले, “सर, तुमची ही सगळी यंत्रं ऐजनच लिहितात की!”

ते अक्षरशः खरे आहे. कीर्तनाच्या एका सेकंदातील पंचवीस चौकटी एकापुढे एक मांडून पाहिल्या तर पार तोच, मारुती तोच, मंडपाचा खांब तोच, मागे उभ्या असलेल्या टाळकऱ्यांचे सदरे तेच. हलला तो महाराजांचा उजवा हात आणि मृदंगाचार्यांची बोटे. तेव्हा कोडेक पहिली चौकट संपूर्ण लिहितो आणि तिच्याखालच्या चौकटींत बहुतेक ठिकाणी ऐजन लिहून फक्त फरक नोंदवतो. त्यातही काही चौकटी अशा असतात की त्या मागच्या ओळीकडेही पाहतात आणि पुढच्या ओळीकडेही, आणि दोहोंच्या आधाराने स्वतःचा मजकूर आणखी आखूड करतात. दादा आपल्या लॅपटॉपवर दर दोन सेकंदांनी एक संपूर्ण चौकट लिहवून घेतात. म्हणजे पन्नास ओळींचे एक पान, त्यात वरची ओळ पूर्ण आणि खालच्या एकोणपन्नास ऐजनाच्या.

या युक्तीचा लाभ प्रचंड आहे. दादांच्या मांडणीत सेकंदाला 20 मेगाबिट एवढा शिधा चित्राला मिळतो. हिशेब सोपा आहे: सेकंदाच्या मेगाबिटांना 0.45 ने गुणले की तासाचे जीबी निघतात. वीस मेगाबिटांचे तासाला नऊ जीबी, सप्ताहाचे 315. एका टेराबाइटच्या डिस्कवर तीन सप्ताह मावतात. याउलट, सिनेमाच्या संकलनात मान्यता पावलेला प्रोरेस हा अॅपल कंपनीचा 2007 सालचा कोडेक घेतला तर, तो प्रत्येक चौकट स्वतंत्र आणि संपूर्ण लिहीत असल्यामुळे, त्याच्या मधल्या प्रतीलाही तासाला पंचावन्न जीबीच्या आसपास जागा लागते आणि एकच सप्ताह दोन टेराबाइट व्यापतो.

परंतु ऐजनाला एक मोठा धोका आहे, आणि पटवाऱ्याच्या दप्तराशी परिचय असलेल्याला तो सांगावा लागत नाही. पानाची वरची ओळ वाळवीने खाल्ली तर खालचे सारे ऐजन निरर्थक होतात. कशाचे ऐजन, हे सांगणारेच कोणी उरत नाही. कपाटातील मधल्या खणाचा इतिहास हाच आहे. 1995 साली आलेल्या डीव्ही पद्धतीत प्रत्येक चौकट पूर्ण लिहिलेली असे. फितीवर धुळीचा कण बसला तर त्या क्षणापुरते चार चौकोन बिघडत आणि पुढल्या क्षणी चित्र पूर्ववत् होई. पुढे त्याच फितीवर एचडीव्ही आले. त्याने चित्र मोठे केले, पण फीत तेवढीच असल्याने ऐजनाचा आश्रय घेतला, आणि मग तोच धुळीचा कण अर्धा सेकंद गिळू लागला. दादांनी मला एका जुन्या काल्याच्या कीर्तनात ती जागा दाखवली. महाराज हात वर करतात, चित्र गोठते, आणि ते सुटते तेव्हा हात खाली आलेला असतो. मधला शब्द गेला.

लाह्या

सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी सकाळी काल्याचे कीर्तन होते. मी दादांच्या पुतण्याशेजारी लॅपटॉपपुढे बसलो होतो. पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा सतत हलत होता. तो त्या क्षणी चित्राला लागणारा शिधा दाखवणारा. महाराज शांतपणे बोलत असता तो उतरून आठ-नऊवर येई. टाळकरी पावली खेळू लागले की चौदा-पंधरावर चढे. आणि दहीहंडी फुटली, चहूबाजूंनी लाह्या, फुले आणि गुलाल उधळला गेला, पत्र्यावर पावसाची सर आली आणि अख्खा मंडप उभा राहून टाळ्या वाजवू लागला, तेव्हा तो आकडा एकदम वर जाऊन भिंतीला टेकावा तसा विसावर जाऊन थांबला.

लाह्या ही कोडेकची खरी कसोटी आहे. हवेत उडालेल्या हजार लाह्यांपैकी प्रत्येक निराळ्या दिशेने, निराळ्या गतीने, स्वतःभोवती फिरत खाली येते. मागच्या चौकटीत ती नव्हती आणि पुढच्या चौकटीत ती तेथे नसेल. अशा ठिकाणी ऐजन लिहिण्याजोगे काहीच नसते. आज सर्वत्र रूढ असलेला एच.264 हा कोडेक चित्राचे सोळा ठिपके लांब आणि सोळा ठिपके रुंद असे चौकोन पाडून प्रत्येक चौकोन मागल्या चौकटीत कोठे होता याचा शोध घेतो. शोध लागला नाही आणि शिधाही अपुरा असला तर तो चौकोन ओबडधोबड भरून पुढे जातो. मग गुलालाच्या जागी लालसर फरशा दिसू लागतात. सप्ताहातला सर्वांत आनंदाचा क्षण, ज्यासाठी पुढे वर्षानुवर्षे ते चित्रण लावून पाहिले जाणार, नेमका तोच विद्रूप होतो.

म्हणून शिधा ठरवताना शांत प्रवचनाकडे न पाहता काल्याकडे पाहावे, असे दादांचे मत आहे आणि मला ते पूर्णपणे पटले. “सहा मेगाबिटवर प्रवचन झकास दिसतं, सर,” पुतण्या म्हणाला, “पण हंडी फुटली की कळतं.” शिवाय शिधा सैल सोडून ‘दर्जा एवढा राख, जागा लागेल तेवढी घे’ अशी मोकळीक देणेही अशा प्रसंगी इष्ट नाही. काल्याच्या उधळणीत फाइल किती फुगेल याचा अंदाज नसतो, आणि आरतीला कार्ड भरले तर दोष कोडेकचा नव्हे, आपला. दर्जाला प्राधान्य द्यावे परंतु वर मर्यादा घालावी, ही मध्यममार्गी तजवीज दादांनी अनुभवाने गाठली आहे.

वही मिटण्याआधी वीज गेली तर

येथे मला एक खाजगी गोष्ट सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी माझ्या वडिलांचा, त्यांच्या विद्यार्थ्यांनी, एका छोट्या गावात सत्कार केला. वडील त्या दिवशी पाऊण तास बोलले. एरवी ते सभेत बोलत नसत. चित्रण करण्यासाठी एक गृहस्थ आले होते, मन लावून काम करीत होते. भाषण संपता संपता वीज गेली, आणि ज्या संगणकावर मुद्रण चालू होते तो बंद पडला. दुसऱ्या दिवशी पाहिले तर फाइल होती, तिचा आकारही चांगला काही जीबींचा होता, परंतु ती उघडेना. पुढल्या वर्षी वडील गेले. ते पाऊण तास त्या फाइलीत आहेत हे ठाऊक असून ते आम्हांला ऐकू येत नाहीत, ही खंत घरात अजून आहे.

दादांनी ती हकीकत ऐकली आणि विचारले, “एमपी4 होती का?” होती.

कोडेक म्हणजे लेखनाची रीत. परंतु लिहिलेला मजकूर ज्या वहीत बांधला जातो ती वही निराळी असते, आणि दीर्घ मुद्रणात रीतीइतकेच वहीलाही महत्त्व आहे. एमपी4 या वहीची प्रथा अशी की कोणती चौकट कोठे लिहिली आहे याची अनुक्रमणिका सर्वांत शेवटी, मुद्रण थांबवल्यावर, लिहिली जाते. तोवर पाने भरत असतात, पण ती सुटी असतात. मुद्रण थांबवण्याची कळ दाबण्याआधी वीज गेली तर अनुक्रमणिका लिहिलीच जात नाही. मजकूर सगळा असतो आणि वाचणाऱ्याला एक अक्षर सापडत नाही. याउलट एमकेव्ही किंवा प्रसारणासाठी घडवलेली टीएस या वह्यांत पानापानाला स्वतःचे शीर्षक असते. वीज गेली तर शेवटचे पान फार तर अर्धवट राहते, आधीचे सारे वाचता येते. प्रसारणासाठी जगभर वापरले जाणारे ओबीएस हे मोफत सॉफ्टवेअर याच कारणाने बरीच वर्षे एमकेव्ही वापरीत होते. काम संपल्यावर त्याच मजकुराची, चित्राला धक्का न लावता, एमपी4 वही बांधता येते आणि त्याला काही मिनिटेच लागतात. मराठवाड्यात, जेथे श्रावणाच्या सरीबरोबर दिवे जातात, तेथे दीर्घ मुद्रणासाठी थेट साधी एमपी4 वही उघडू नये, हे मी स्वतःच्या नुकसानीतून सांगतो.

दादांनी माझ्या फाइलीविषयी आशा सोडली नाही. त्याच यंत्रावर, त्याच मांडणीत केलेले दुसरे एखादे सुस्थितीतील मुद्रण मिळाले तर त्याच्या अनुक्रमणिकेवरून या फाइलीची अनुक्रमणिका बांधून पाहणारी साधने आहेत. ते गृहस्थ मला अजून भेटायचे आहेत.

जकातीचे एक कलम

कीर्तन सव्वादोन तास चालते. फोटोच्या अनेक कॅमेऱ्यांतून मात्र चित्रण वर्षानुवर्षे 29 मिनिटे 59 सेकंदांनी आपोआप थांबत असे, आणि लग्ने चित्रित करणारे या तालुक्यातले कित्येक तरुण ते यंत्राचे वैगुण्य समजत. ते वैगुण्य नव्हते. युरोपातील जकातीच्या दरपत्रकात, एका दमात अर्धा तास किंवा अधिक चित्रण करणारे यंत्र ‘व्हिडिओ कॅमेरा’ या सदरात जाई आणि त्यावर जादा जकात बसे; ती चुकवण्यासाठी कारखानदारांनी एक सेकंद आधी थांबण्याची व्यवस्था केली. तिकडच्या चावडीवरच्या एका कलमाने इकडे महाराजांचा दृष्टान्त मध्येच तुटत होता.

दुसरी अडचण कार्डांची. जुन्या फॅट32 रचनेत एका फाइलीला चार जीबींची सीमा असते. म्हणून कॅमेरा वीस-पंचवीस मिनिटांनी नवी फाइल उघडतो. हे तुकडे एकाच कीर्तनाचे सलग भाग असतात, आणि कार्डावरील संपूर्ण फोल्डर जसाच्या तसा उचलला तर सांधा कळत नाही. घाईघाईने एकेक फाइल ओढून घेतली तर सांध्यावर ध्वनीची किंचित फट राहू शकते. दादांच्या दुकानात भिंतीवर खडूने लिहिले आहे: ‘कार्ड उचलायचे ते आख्खे.’

शब्द आधी

कीर्तनात चित्र दुय्यम आहे, असे विधान मी करतो आणि त्याची जबाबदारी घेतो. महाराजांचा चेहरा किंचित मऊ आला तरी कोणाचे अडत नाही. शब्द तुटला तर अर्थ तुटतो. आश्चर्य असे की जागेच्या हिशेबात ध्वनी अत्यंत स्वस्त आहे. सेकंदाला 48 हजार नमुने, दोन कान, काहीही न दाबता, एवढा अस्सल ध्वनी तासाला 0.7 जीबीहून अधिक जागा घेत नाही. चित्राच्या नऊ जीबींपुढे हे काय? तरीही बहुतेक मुद्रणांत ध्वनी दाबला जातो, तोही निष्कारण. दादा चित्र दाबतात, ध्वनी दाबत नाहीत. एक वाट ध्वनिक्षेपकाच्या मिक्सरमधून आणि दुसरी मंडपाच्या खांबाला बांधलेल्या मायक्रोफोनातून, कारण मिक्सरमधून शब्द स्वच्छ येतो पण श्रोत्यांचा हुंकार येत नाही, आणि श्रोत्यांच्या गजरावाचून कीर्तन कोरडे वाटते.

दीर्घ मुद्रणात ध्वनीचे आणखी एक संकट असते. कॅमेऱ्याचे घड्याळ निराळे, ध्वनिमुद्रण यंत्राचे निराळे. दहा लाखांत पन्नास भागांचा फरक दोघांत असला तर दहा मिनिटांत तो कळत नाही. दोन तासांनी मात्र चित्र आणि शब्द यांच्यात 0.36 सेकंदाचे अंतर पडते, ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो. मोबाइलवर केलेल्या चित्रणात तर चौकटींची गतीही कमीजास्त होत असते, आणि ते संकलनाच्या टेबलावर आल्यावर फार मनस्ताप देते. यावर उपाय सरळ आहे: ध्वनी कॅमेऱ्यातच किंवा स्विचरमध्येच उतरवावा, निराळा ठेवलाच तर आरंभी आणि अखेरीस एकेक टाळी द्यावी. सप्ताहात टाळीला तोटा नसतो.

अस्सल आणि नक्कल

मुख्य वाद शेवटी उरतो. दादांचा पुतण्या तरुण, शिकलेला. त्याचे म्हणणे असे की 2003 साली मान्यता पावलेल्या एच.264ला आता कवटाळून बसू नये. 2013 साली आलेला एच.265 तेच चित्र सुमारे निम्म्या जागेत देतो. 2018 साली आलेला एव्ही1 त्याहूनही पुढे जातो आणि त्यावर परवान्याचे शुल्कही नाही. नवे कोडेक मोठे चौकोन घेतात, शोध अधिक दूरवर करतात, म्हणून कमी शब्दांत तेच सांगतात. पुतण्याचे गणित बरोबर आहे. 315 जीबींचा सप्ताह 160 जीबींच्या आसपास येईल.

परंतु वाचलेल्या त्या 155 जीबींची किंमत कोण देतो, हे पाहिले पाहिजे. दाट लिहिलेले वाचायला कष्ट पडतात. दादांच्या दुकानातील संकलनाचा संगणक जुना आहे, एच.265चे चित्र त्यावर अडखळत चालते, आणि मग ते आधी दुसऱ्या कोडेकमध्ये उलगडून घ्यावे लागते, म्हणजे वाचलेली जागा दुप्पट-चौपटीने परत जाते. गावागावांतून पेनड्राइव्ह दिले जातात, ते लोक टीव्हीला मागून लावतात; दहा-बारा वर्षांपूर्वीचे बरेच टीव्ही एच.265 ओळखत नाहीत. त्यातून परवान्यांचे हक्क अनेक गटांत विभागलेले असल्याने हा कोडेक इंटरनेटच्या ब्राउझरांतून वर्षानुवर्षे उपेक्षित राहिला. एव्ही1चे मुद्रण जागच्या जागी करायचे तर 2022पासूनची ग्राफिक्स कार्डे लागतात. एच.264 मात्र स्वस्तातला मोबाइलही वाचतो, वीस वर्षांत विकले गेलेले जवळजवळ प्रत्येक यंत्र वाचते.

गुरुजींनी येथे मोडीची आठवण काढली. मोडी ही शीघ्र लेखनाची लिपी, जागेची आणि वेळेची बचत करणारी. तिच्यातील संक्षेप जाणणारे कारकून गावोगाव होते तोवर तिच्याइतकी सोयीची लिपी दुसरी नव्हती. आज त्यांच्याच घरी वडिलांच्या हातचे रुमाल बांधलेले आहेत, कागद शाबूत आहे, शाई शाबूत आहे, आणि घरात वाचणारा कोणी नाही. ठेव नुसती शाबूत असून भागत नाही. तिचा वाचणाराही शाबूत लागतो. ऑस्ट्रियातील सार्वजनिक ध्वनिचित्र संग्रहालयाने एफएफव्ही1 हा, चित्राचा एकही ठिपका न गमावणारा आणि ज्याची रीत जगासमोर खुली आहे असा कोडेक स्वीकारला तो याच विचाराने. 2021 साली त्या रीतीचा तपशील इंटरनेटच्या अधिकृत दस्तऐवजांत दाखल झाला. फितीवरून उतरवून घ्यायच्या दुर्मिळ ठेवींना तो योग्यच आहे. कॅमेऱ्यातून आधीच दाबून आलेल्या सप्ताहाला त्यात पुन्हा लिहिणे म्हणजे नकलेची सहीशिक्क्याची प्रत करणे होय. गेलेले परत येत नाही.

आणि यूट्यूब? गावात सर्वांचा समज असा की तेथे चढवले की काम झाले. थेट प्रसारण बारा तासांच्या आत संपले तर ते तेथे आपोआप साठते, हे खरे. परंतु तेथे जाणारे प्रत्येक चित्र पुन्हा दाबले जाते. तेथे राहते ती नक्कल. शिवाय प्रसारण मोबाइलच्या नेटवर्कवर चालते आणि काल्याच्या दिवशी सारा गाव त्याच मनोऱ्यावर असतो. म्हणून प्रसारण चार-पाच मेगाबिटांत वेगळे जावे आणि मुद्रण विसांत वेगळे व्हावे. एकाच्या अडचणीने दुसऱ्याला बाध येऊ नये.

सात दिवस पाहून, विचारून आणि माझ्या घरच्या हानीची आठवण ठेवून माझा निर्णय असा झाला आहे: दीर्घ, थेट प्रसंगाचे अस्सल मुद्रण आज सेलूसारख्या गावी एच.264मध्ये, सेकंदाला वीस मेगाबिटांच्या आसपास, दर दोन सेकंदांनी पूर्ण चौकट, वीज गेली तरी वाचता येईल अशा वहीत, न दाबलेल्या ध्वनीसह व्हावे, आणि त्याच वेळी कॅमेऱ्यातील कार्डावर दुसरे मुद्रण चालू असावे. पुतण्याचा दिवस येईल. संकलनाचा संगणक आणि गावातले टीव्ही बदलले की तो येईल, आणि तेव्हा दादांनी हट्ट धरू नये, हेही मी त्यांना सांगून आलो.

निघण्याच्या दिवशी दादांनी कपाटाचा वरचा खण उघडला. व्हीएचएसचे नवे यंत्र आता जगात कोणी बनवीत नाही. जपानच्या फुनाई कंपनीने ते 2016 साली थांबवले. दादांकडे एक चालू यंत्र आहे, त्याचा पट्टा त्यांनी दोनदा बदलला आहे. मिनी डीव्हीच्या कॅसेटी वाचणारा एक जुना कॅमेराही आहे. एका वेळी एक कॅसेट, तासाच्या फितीला पूर्ण तास. आतापर्यंत मधला अर्धा खण उतरवून झाला आहे.

ज्या वाचकांच्या घरी, देवळात किंवा शाळेच्या कपाटात अशा कॅसेटी असतील त्यांना माझी विनंती आहे: या दिवाळीत त्या खाली काढा, त्यांवर काय आहे ते सांगू शकणारे कोणी घरात आहे तोवर कागदाची चिठ्ठी लावा, आणि चालू यंत्र असलेल्या माणसाकडे घेऊन जा. आणि येत्या सप्ताहाला चित्रण करणाऱ्याला पैसे देताना पेनड्राइव्हवर समाधान न मानता अस्सल फाइल मागून घ्या. तिच्या दोन प्रती दोन निराळ्या घरी पोहोचल्याशिवाय कार्ड पुसू देऊ नका.